दोन नोव्हेंबर

खानापूरच्या आमच्या कॉलेजात जी.एस. मुलगाच असतो.
एल.आर. म्हणजे मी, प्रणाली बिर्जे, बी.एस्सी. दुसरं वर्ष:
समई लावताना काडेपेटी धरायची,
पाहुण्यापुढं पुष्पगुच्छ करायचा,
फोटोत डाव्या कडेला उभं राहायचं.
यादी इथं संपते, असं मागची एल.आर. सांगून गेली
लग्नाची पत्रिका द्यायला आली तेव्हा.

यादीत नव्हतं ते असं:
केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल सुटतं पावणेसहाला
आणि जांबोटीची गाडी साडेपाचला जाते.
पुढची साडेसातला. तीही आली तर.
बायकांना तिकीट माफ झाल्यापासून
ड्रायव्हरला आमचा हात दिसतोच असं नाही.
अकरा जणी प्रयोग टाकून पळतात,
ब्युरेट मागं थेंब थेंब गळत राहतं,
जर्नलवर शेरा येतो: मुली गंभीर नाहीत.

ओलमणीची यशोदा गावडे एकदा पळाली नाही.
रंग अगदी हवा तसा, फिकट गुलाबी आला तिचा.
घरी पोचली नऊला.
सोमवारपासून तिचा बाक रिकामा.

मग मी अर्ज लिहिला.
डेपोतल्या माणसानं न वाचताच परत सरकवला.
"कन्नडदल्लि बरेदु तन्नि."
रागानं नाही. डोक्यावर पंखा फिरत होता, तसं बोलला.

माझं कन्नड दुकानांच्या पाट्यांइतकं.
एक नोव्हेंबरला बाबा शर्टाला काळी फीत लावतात,
टाचणी मीच शोधून देते.
भाग्यश्री होसमनीच्या घरी त्याच सकाळी
तिची आई लाल-पिवळ्या झेंड्याला इस्त्री करते.
एकाच स्पिरिटच्या दिव्यावर परीक्षानळ्या तापवतो आम्ही,
ह्यावर कधी बोललो नव्हतो.

ती म्हणाली, आण इकडं.
मी सांगत गेले, ती लिहीत गेली.
'वेळ'पाशी थांबली. "हे आमच्यातही वेळे की गे."
वेळापत्रकाचं झालं वेळापट्टी,
अर्जाचं अर्जी.
तिथं तस्लीम मुल्ला हसली:
तो तर आमच्यातनं आलाय,
तुम्ही दोघींनी वापरून जुना केलाय.

सह्या एकशे बारा, तीन लिप्यांत.
त्यात एक अंगठा, कँटीनच्या सुबव्वाचा.
तिलाही तीच गाडी.
जी.एस. म्हणाला, माझं नाव सगळ्यात वर घाला.
आम्ही त्याला एकशे तेरावा नंबर दिला.

एक तारखेला देऊ नको, भाग्या म्हणाली.
त्या दिवशी कागद कुणी वाचत नाही,
कुठल्या भाषेतला एवढंच बघतात.

सुट्टीभर अर्ज माझ्या जर्नलात.
संध्याकाळी बाबांच्या हाती लागला.
वरची ओळ त्यांनी बोट ठेवून लावून पाहिली,
खाली माझी सही पाहिली.
आई भाकऱ्या थापायची थांबली.
"गाडीचंच आहे ना?"
"गाडीचंच."
त्यांनी फीत काढली. टाचणी माझ्या हातावर ठेवली.
अर्जाची दोन पानं सुटी होती,
ती मी त्यांना लावली.

गाडी आता पाच पन्नासला सुटते.
एक महिना. प्रायोगिक तत्त्वावर.
कॉलेजपाशी थांबते, बहुतेक.

यशोदाच्या घरी आम्ही तिघी जाऊन आलो.
तिच्या काकानं चहा दिला, उत्तर दिलं नाही.
ती आतनं कप घ्यायला आली
तेव्हा तिनं एवढंच विचारलं,
पुढचं प्रॅक्टिकल कुठलं.

काल फर्स्ट इयरची एक मुलगी दारात घुटमळली.
"एल.आर. तुम्हीच काय?
मुलींच्या संडासाला आतनं कडी नाही.
एक जण बाहेर उभी राहते, तेव्हा एक जण जाते."
मी भाग्याकडं पाहिलं. कडीला काय म्हणायचं?
"चिलक," ती म्हणाली, वर न बघता.
कागद जवळ नव्हता.
मी तळहातावर लिहून घेतलं.