कोणत्या मडक्यात कोण राहतं

अंकोबरच्या वरच्या अंगाला, जिथे ढग
दुपारीच घरात शिरतात, तिथे मी आरोग्यसेविका.
थोडंसं शिक्षण, खांद्यावर निळी पेटी,
आणि बोलण्यात नको तेवढी खात्री.

त्या वर्षी ओढा बिघडला.
असनाकेचचा धाकटा तीन दिवस
ओल्या फडक्यासारखा पडून होता.
मीठ-साखरेच्या पाण्यावर तगला.
मी तिच्या हातात क्लोरीनची बाटली दिली
आणि म्हटलं, सगळं धू.
दिसत नाही तेच मारतं.

तिनं धुतलं.
हंडे, कप, कॉफीची जेबेना, उंबरा,
आणि कोपऱ्यातलं ते मडकं,
ज्याच्या तळाशी कायम वाटीभर पिवळं पाणी असायचं.
एर्शो.
मागच्या घाण्यानं पुढच्याला ठेवलेलं विरजण.
सासू लग्न होऊन आली तेव्हा
तोंडाला फडकं बांधून
खेचरावरून आणलेलं.

तीन दिवसांनी तव्यावर जे आलं
ते चामड्यासारखं गुळगुळीत.
टेफचं पीठ तेच, पाणी तेच, जाळ तोच,
एकही डोळा नाही.
इंजेऱ्याच्या भोकांना आम्ही डोळे म्हणतो.

सासूचं नाव तिरुवर्क.
तिच्या पापण्या केव्हाच आत वळल्या,
केसांनी घासून घासून बुबुळं दुधाळ झाली.
तेही एका जंतूचंच काम,
माश्यांच्या पायांवरून आलेल्या.
ती रोज बोटांनी इंजेरा वाचते.
त्या दिवशी तळहात फिरवला, पुन्हा फिरवला,
म्हणाली, "हाही आंधळाच."

मी पत्रक उलटंपालटं करून पाहिलं.
मडक्याबद्दल त्यात काही नव्हतं.

शेजारच्या झेनेबेचशी त्यांचं बोलणं
बांधावरून तुटलं होतं, अकरा वर्षं.
पण तिच्या घरचा एर्शो कधीकाळी
तिरुवर्कच्याच मडक्यातून गेलेला.
असनाकेच दिवेलागणीला गेली,
दाराशी उभी राहिली, तोंडातून शब्द फुटेना.
झेनेबेचनं कप भरून दिला
आणि एवढंच म्हणाली,
"कप परत आण. कानाचा आहे तो."

त्याच आठवड्यात नवरा, देम्से,
शेतकी कचेरीतून काळ्या भुकटीचं पाकीट घेऊन आला.
साखरपाण्यात कालवायची,
बाकल्याच्या बियांना चोळायची, सावलीतच,
उन्हात आतले मरतात.
त्यानं मला रस्त्यात गाठलं.
"घरातले मारायचे. शेतातले जगवायचे.
मग मडक्यातले कुणाचे?
तुमच्याकडे यादी असेल ना?"
मी हसले. यादी नव्हती.

शेंगा धरल्यावर त्यानं एक रोप उपटून आणलं.
मुळांवर गाठी. रोग आहे म्हणाला.
मी एक गाठ नखानं फोडली.
आत गुलाबी,
बाळाच्या हिरडीइतकी गुलाबी.
रोग नाही, म्हटलं, ही राबणारी माणसं.
हवेतलं खत खाली उतरवतात.
"मजुरी?" त्यानं विचारलं.
थोडी साखर, म्हटलं, झाडाच्या घरची.
त्यावर तो बराच वेळ गाठीकडे पाहत राहिला,
माझ्यावर विश्वास न ठेवता.

दरसाल गोळ्यांचा दिवस येतो.
रंगवलेल्या काठीला सगळे पाठ लावून उभे राहतात,
काठीवरची उंची सांगते कुणाला किती.
धाकटा यंदा एक रेघ वर गेला,
आणि टाचा उचलल्या म्हणून मार खाल्ला.
तिरुवर्क काठीपाशी आली, गोळी चाचपली.
"ही आत गेल्यावर कुणाकुणाला मारते?"
मी म्हटलं, डोळ्यातल्यांना.
"आणि पोटातल्यांना?"
मागे रांग होती. मी पुढचं नाव पुकारलं.

बाटली मी अजून देते. द्यावीच लागते,
ओढा अजून तोच आहे.
पण आधी घरभर हिंडते, कोपऱ्यात वाकते,
विचारते, कोणत्या मडक्यात कोण राहतं?
बायका हसतात. मग दाखवतात.

परवा तिरुवर्कनं मला खाली बसवलं,
गरम इंजेरा तळहातावर पसरला,
"मिट," म्हणाली, "आणि मोज."
मी डोळे मिटून बोट फिरवत गेले.
सतरापर्यंत नीट मोजले.
पुढे एका डोळ्यात दुसरा डोळा उघडलेला होता,
तिथे चुकले.
"पुन्हा," ती म्हणाली.