मूळ प्रत

कॅनडा कॉर्नरला माझं झेरॉक्सचं दुकान आहे.
नाव ऐकून नव्या माणसाला हसू येतं.
आम्ही रिक्षावाल्याला सरळ सांगतो,
कॅनडाला सोड, तीस रुपये देतो.

जून-जुलैत गर्दी पोरांची.
बारावीचं गुणपत्रक, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर,
नीटचं स्कोअरकार्ड, आणि पासपोर्ट,
ज्याची सगळी पानं अजून कोरी.
कोण कुठे निघालंय ते मला
त्यांच्या मावश्यांच्या आधी कळतं.

एजंटही माहितीपत्रकं माझ्याकडेच काढतात.
किर्गिझस्तान, जॉर्जिया, उझबेकिस्तान.
तिन्हींवर एकच मुलगी: पांढरा कोट,
गळ्यात स्टेथोस्कोप, मागे बर्फ.
बर्फसुद्धा तोच. झेंडा तेवढा बदललेला.
मी कुणाला बोललो नाही.
रंगीत प्रतीचे दहा रुपये होतात.

यंदा आमच्या यामिनीला चारशे एक्क्याऐंशी पडले.
म्हणजे नेमकं काय, हे घरात
प्रत्येकाला वेगळं समजलं.
पप्पांना: अजून एक वर्ष, पुन्हा क्लास,
पुन्हा ते घड्याळ लावून जेवणं.
मम्मीला: आयुर्वेदाला काय वाईट आहे,
पंचवटीत वैद्यांच्या दारात चपला मावत नाहीत.
निफाडच्या मामांना: बिश्केक.
"थंडीचं काय घेऊन बसलात," मामा म्हणाले,
"बागेत शेकोट्या पेटवून रात्री काढणारी माणसं आपण."
तिकडे उणे वीस असतं मामा, यामिनी म्हणाली.
"मग दोन स्वेटर."

मुंबई नाक्याच्या हॉटेलात सेमिनार झाला.
चहा, बिस्किटं, हप्त्यांचं कोष्टक.
परत आल्यावर इथली परीक्षा किती जण पास होतात,
तिने उभं राहून विचारलं,
आणि माइक पुढच्या पालकांकडे गेला.

गेल्या उन्हाळ्यात समोरच्या सिग्नलला
एक आजोबा कोसळले होते.
लोक व्हिडिओ काढत होते, मीही दुकानातूनच बघत होतो.
हिने त्यांना कुशीवर वळवलं,
अँब्युलन्स येईपर्यंत नाव विचारत राहिली.
काका, नाव काय तुमचं? काका, नाव सांगा.
मग माझ्याकडे हात धुवून फिजिक्सच्या क्लासला गेली.
उशीर झाला म्हणून आत घेतलं नाही.

पैसे निघणार ते आडगावच्या प्लॉटमधून.
तो माझ्या नावावर आहे, हे
जेवताना कुणी काढत नाही.
मीही ताकभात संपवून ताट उचलतो.

काल ती आली, शटर ओढायच्या वेळी.
हातात दोन फायली. एक इथली, एक तिथली.
"दादा, दोन्हीच्या तीन-तीन काढ."
मशीन दिवसभर तापलेलं,
कागद तव्यावरच्या पोळीसारखे निघत होते.
तिने गठ्ठा गालाला लावला,
लहानपणी लावायची तसाच.
"तुला काय वाटतं?"
मी टोनरचं निमित्त काढून खाली वाकलो.
मला दोन गोष्टी वाटत होत्या
आणि दुसरीत मी बांधायचं ठरवलेल्या घराचा जिना होता.

अकरा वर्षांत एक पाहिलंय:
माणसं झेरॉक्स मोजून घेतात
आणि मूळ कागद काचेवर विसरतात.
त्यासाठी एक ड्रॉवर ठेवलाय.
कुणाचा जातीचा दाखला आहे त्यात,
कुणा बाईचं लग्नाचं प्रमाणपत्र,
सहा वर्षं झाली, न्यायला आली नाही.

रात्री झाकण उचललं तर काचेवर पालथा
यामिनीचा पासपोर्ट.
मी फोन केला नाही.
घरी तिनेही विचारलं नाही.

आज दुपारी डबा घेऊन आली.
माझं जेवण होईपर्यंत स्टुलावर बसून राहिली.
एकदा ड्रॉवरकडे बघितलं, असं मला वाटलं,
आणि म्हणाली,
भाजीत मीठ कमी झालंय ना रे.