पाठव

सोहार. गुरुवार, रात्रीचे अकरा.
'टँकर पाठवा' हे निळं बटण
दाबलं की दबतं, रंगही बदलतं,
आणि पुढं काहीच होत नाही.

दुपारी जुनी लायब्ररी काढली, नवी घातली.
तारखांची चौकट अलगद उघडू लागली.
बद्रियाबाई म्हणाल्या, छान.
संध्याकाळपासून त्यांचाच फोन थांबेना:
फलजच्या वस्तीत टाक्या कोरड्या,
आणि गुलजमान पंपामागं टँकर लावून
मोबाइलकडं बघत बसलेला.

कन्सोलमध्ये एकच लाल ओळ.
तिचं मराठी असं:
पाठव? असं कुणी इथं राहत नाही.

राहतं की! शोधलं तर सापडलं,
धडधाकट, नव्या फाइलीत,
आपल्या खोलीचं दार लावून बसलेलं.
पूर्वी सगळी फंक्शनं अंगणातच पसरलेली,
कुणीही नावानं हाक मारावी,
कुणीतरी ओ द्यावी.
आता ज्याची त्याची खोली.
बटणाला हे कळवायचं राहून गेलं.
त्याच्या पोटात अजून नऊ वर्षांपूर्वीचं ऑनक्लिक,
कोयांच्या हातचं,
शेवटी न चुकता रिटर्न फॉल्स,
पानानं जागचं हलू नये म्हणून.

(कोयांना पगार रियालात मिळे,
पण त्यांची प्रत्येक ओळ डॉलरनं सुरू.
ते चिन्हही आज दुपारपासून बेवारस.)

सोपा उपाय आधी केला.
फंक्शनं बाहेर आणून पुन्हा अंगणात उभी केली.
बटण चाललं. मी चहा ठेवला.
चहा उकळेपर्यंत बद्रियाबाई पुन्हा:
अगं, पिण्याचं पाणी मागितलेल्या दारात
मैल्याचा पिवळा टँकर निघालाय!

दोन 'पाठव' होती.
एक निळ्याचं, एक पिवळ्याचं,
वेगळ्या पानांवर, म्हणून कधी गाठ पडली नव्हती.
मी दोघांना एका अंगणात आणलं
आणि नंतर आलेल्यानं नाव बळकावलं.

पिवळा वाटेतून परत फिरवला.
चहा उतू गेलेला.
मग एकेका बटणाच्या पोटातून
ऑनक्लिक उपटत बसले, एकशे सत्तावीस.
बटणानं आता कुणाला हाक मारायची नाही.
नुसतं दबायचं,
आपण निळे की पिवळे तेवढं अंगावर लिहून ठेवायचं.
बाहेरच्या तक्त्याला एक कान लावलाय,
तो ऐकेल, तो ठरवेल.

पावणेतीनला फलजची ऑर्डर सुटली.
खिडकीखाली कुणाचा तरी एसी ठिबकत होता.

मोबाइल वाजला. गुलजमान:
'कोयासाब, पानी निकल गया.'
हे सिम कोयांचं. ते गेले कन्नूरला,
त्यालाही आता दीड वर्ष होईल.
गुलजमानला मी दोनदा सांगितलंय माझं नाव.

'हां,' मी लिहिलं,
'नळी नीट बंद कर.'