मारुतीच्या कमरेला

सातपूरच्या शेडमध्ये, जिथे द्राक्षफवारणीच्या टाक्या
ओळीनं उपड्या वाळत असतात,
वामन गायधनींनी माझी सर्फफळी भिंतीला टेकवली
आणि बघत राहिले, स्थळ पाहायला आल्यासारखे.

"कुणाची?"
माझी.
"आता तुमची. आधी कुणाची?"

आधी एका पोराची. साठ किलोचा असेल नसेल,
फळी विकून कॅनडाला गेला.
टोकदार नाक, पातळ कडा, दोन्ही टोकांना उचललेला बाक,
पोटाखाली तीन पंख, कट्यारीसारखे.
मी घेतली कारण देखणी होती.
बोर्डीच्या गढूळ, गुडघाभर लाटांवर
दोन वर्षं ती माझ्याखालून निसटते आहे
साबणाच्या वडीसारखी.

गायधनींनी समुद्र एकदाच पाहिलाय,
डहाणूला, मेव्हण्याच्या लग्नात, तोही ओहोटीचा.
"पडता कशा?" त्यांनी विचारलं.
हे मला कुणीच विचारलं नव्हतं.
लोक विचारतात, किती वेळ उभी राहतेस.

पुढे पडते, म्हटलं. नाक पाण्यात रुततं,
मी त्याच्यावरून.
ते मान हलवत राहिले. "नाकाचा दोष नाही.
तुम्ही उशिरा उठता.
फळी तुम्हाला उचलत नाही,
म्हणून लाट डोक्यावर येईतो हात मारत बसता."

रविवारी गंगापूर धरणावर नेलं त्यांनी,
जिथे लाट म्हणजे लांबून गेलेल्या बोटीची आठवण.
मी फळीवर बसले, पाय सोडून.
काठावरून ओरडले, "कुठवर आलं?"
छातीपर्यंत.
"इंचात नको. दुतोंड्या मारुतीच्या हिशेबानं सांगा!"
गळ्याला लागायला आलंय, मी ओरडले.
"मग पूर आहे हा. आपल्याला कमरेला हवं."

परत शेडमध्ये. मी वाकून टाकीवरचा भाव वाचत होते
आणि शालननं, जी रेझिन लावते आणि फार बोलत नाही,
मागून एक ढकल दिली.
सावरले. उजव्या पायावर.
"पुन्हा," गायधनी म्हणाले.
पुन्हा उजवा.
"आणि उभ्या कशा राहता फळीवर?"
डावा पुढे.
"कुणी सांगितलं?"
कुणी नाही. व्हिडिओत सगळ्यांचा डावाच असतो.
शालन हसली, तोंडावर रेझिनचा हात येऊ न देता.

मग फरशीवर वर्तमानपत्रं पसरून, कानावरची पेन्सिल काढून
त्यांनी मला आखायला घेतलं.
साडेसात फूट. बावीस इंच रुंद, पावणेतीन जाड.
बाक कमीच, मऊ लाट सपाट तळावर चालते.
कडा गोल, भाकरीच्या काठासारख्या, चुकीला सांभाळून घेणाऱ्या.
फक्त शेवटच्या फुटाला धार,
"कारण कुठेतरी पाण्यानं सुटायलाही पाहिजे."

पंखांशी येऊन थांबले.
"तीन की एक? तीन असतील तर पटकन वळेल.
तुम्हाला वळायची घाई आहे का?"

बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं,
बराच वेळ, नीट न जमता.
मी छप्पन्न वर्षांची. छापखान्यात पंचवीस वर्षं
नोटांच्या कडा तपासल्या, अर्ध्या मिलिमीटरवर बाद केल्या.
त्या पोराचं वळणं मी फोनवर किती वेळा पाहिलं,
पाण्याची ती उडालेली पिसं.
आणि तिथे, लाटेवर, मिळाले तेव्हा ते चार सेकंद
मला कधी वळावंसं वाटलं होतं का?

नाही, म्हटलं. मला नुसतं जायचंय. सरळ. वाळूपर्यंत.
"मग एक. मोठा."
आणि वर्तमानपत्रावर, कुणाच्या तरी निधनवार्तेवर,
एकच पंख काढला.

जुनी फळी शालननं मागून नेली.
गच्चीत तिच्यावर मनुके वाळत घालते,
कडेवरून घरंगळतात म्हणते, कामाची नाही फारशी.

नवी परवा पाहिली. ओली होती,
खडूनं लिहिलं होतं, हात लावू नये.
मी लावला.
शेपटीजवळ अंगठ्याचा ठसा उमटलाय.
घासून काढू का, गायधनींनी विचारलं.
अजून उत्तर दिलेलं नाही.