पाणी कुठलं

दस्तगीर मिस्त्री बॉनेट नंतर उघडतात.
आधी विचारतात, "पाणी कुठलं घालता?"

मी सांगते, काटा कात्रजच्या बोगद्याआधीच लालमध्ये जातो,
पंखा नवा, पट्टा नवा, रेडिएटर दोनदा धुऊन झाला.
ते मान हलवतात, हो की नाही कळत नाही,
आणि चालू गाडीच्या रेडिएटरवर
पालथा हात टेकवत जातात, ताप बघावा तसा.
"इथं गरम. इथंही. इथं बघा, गार.
पाणी इथवर येतच नाही."

क्वार्टर गेटमागची गल्ली. शेजारी गादीवाला,
पिंजलेला कापूस उडून ग्रीसवर बसतो.
इंजिन निवायला दीड तास, दोन चहा.
मग ब्लॉकचा खालचा नट सोडतात
आणि काहीच येत नाही.
सायकलची तार आत घालून, डोळे मिटून
कान कोरावा तसं कोरत राहतात.
एक तांबूस थेंब.
मग चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी.
मग खपली, पांढरी, नखाएवढी.

"तांबडा तो गंज, बिडाचा. पांढरा तुमचा."
टपरीवरून अर्धं लिंबू मागवून पिळतात.
खपली फसफसते.
"बोअरचं. धायरी? नऱ्हे?"

धायरी.
सत्त्याण्णव साली मंगळवार पेठेतल्या दोन खोल्या सोडून
स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेलो.
बाबा दर रविवारी तांब्याने पद्मिनीला पाणी पाजत.
कूलंट विकत घेणं त्यांना
पाणी विकत घेण्याइतकंच मूर्खपणाचं वाटे.
पुढे पाणीही विकत घेतलं, टँकरने.
पहिला तांब्या तरी तिलाच.

त्या घरात गिझरची कॉइल वर्षभरही टिकत नसे,
आईचे केस राठ झाले, ती साबणाला बोल लावी.
आणि बाबांचा मुतखडा:
ऑपरेशननंतर तो फिल्मच्या डबीत घालून
पाहुण्यांना वाजवून दाखवत.
डबी अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे.
का कोण जाणे, मी ती मिस्त्रींना देते.
ते खडा तळहातावर घेतात, उजेडाकडे धरतात,
"हा ह्या गाडीतला नाही."

नाही, म्हणते मी.

"ॲसिड घातलं तर सगळं सुटेल," ते म्हणतात.
"पण जुन्या गाडीत कधीकधी
गळती ह्या थरानेच धरून ठेवलेली असते.
विचार करून सांगा."
उरलेलं लिंबू ते हाताच्या काळ्यावर चोळतात.