शेपूचा देश

बॉस्टन म्हटलं की लोक अमेरिकेतलं धरतात.
हे दुसरं. लिंकनशरमधलं, मूळचं,
कोबीच्या शेतांत रुतून बसलेलं.
एक उंच चर्च, एक गढूळ नदी,
आणि वेस्ट स्ट्रीटवर माझा दवाखाना:
खाली लिथुआनियन किराणा, वर दातांची खुर्ची.

नियोलेबाई मंगळवारी येतात, पॅकहाऊसची पाळी संपवून,
बोटांना फ्लॉवरच्या पानांचा वास.
पहिल्यांदा आल्या तेव्हा गालाला हात लावून म्हणाल्या,
'दांतिस.'
मी इंग्रजीत विचारणार होते, दात का,
तर दात आधीच येऊन बसला होता दोघींच्या मध्ये,
कुणी ओळख करून न देता.
पुढच्या खेपेला बरणी आणली. 'मेदुस.'
म्हटलं, कळलं हो बाई. मध.

आमचं दरसाल ठरलेलं. हेरंब मार्चमध्ये एक्सेल काढतो.
स्वित्झर्लंड झालं, पॅरिस झालं, ट्युलिप झाले,
व्हेनिसला आईंचे गुडघे झाले.
फोटो बघून वन्सं म्हणाल्या,
हे तर आमच्याकडेही आहेत,
फक्त त्यांत तुम्ही नाही.

यंदा तुमच्याकडे यावं का, मी विचारलं,
त्यांच्या तोंडात आरसा घालून.
दंतवैद्याचे सगळे प्रश्न अवेळी.
नियोलेबाईंनी हात उचलला
आणि हवेत एक आडवी रेघ ओढली.
सपाट.

चूळ भरून झाल्यावर सविस्तर:
डोंगर नाही. सर्वांत उंच टेकडीला पाटी लावलीय,
नाहीतर कळत नाही.
समुद्र गार. उन्हाळा पंधरा दिवस, त्यातही रजा टाकतो.
वादळानंतर किनाऱ्यावर बायका वाकून चालतात
मधाच्या रंगाचे खडे वेचत,
बोलत नाहीत, शेजारणीला कळेल म्हणून.
वाळूच्या टेकड्या चालत चालत गावावर येतात,
मग माणसं गाव उचलून पलीकडे मांडतात.
विजेच्या खांबावर करकोच्यांचे संसार;
एप्रिलात करकोचा नाही आला
तर आमची म्हातारी दारातच जेवायची, उभ्याने.
आणि सूप. थंड, गुलाबी, बिटाचं, ताकातलं,
वरून शेपू.
बटाट्यावर शेपू. काकडीवर शेपू.
सुट्टीच्या दिवशी जास्त शेपू.

हेरंब शेपूची जुडी उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही.
बघायला आला तेव्हाच सांगितलं होतं,
पगाराच्या आधी.

मग लोक कशासाठी येतात, मी विचारलं.
येत नाहीत, त्या म्हणाल्या,
हॉटेलचा पाचवा तारा सांगावा तशा ऐटीत.

खुर्ची सरळ होत होती. त्यांनी विचारलं,
तुमच्याकडे काय आहे?
ताजमहाल, मी सवयीने.
तुमच्याकडे, त्या म्हणाल्या. तुमच्या गावी.

वाशीम.
चौदा वर्षांत इथे कुणी विचारलं नव्हतं,
आणि मीही कुणाला या म्हटलं नव्हतं.
वाशीमला, मी हातमोजे काढले, सावकाश, एकेक बोट,
वाशीमला तळं आहे. सोयाबीन आहे.
स्टँडमागे एक गाडा होता, मिरचीची भजी,
आता असेल की नाही.
दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावकाश उठतं.
आणि बाकी,
माझा हात वर गेला होता, कधी ते कळलं नाही,
हवेत एक आडवी रेघ.

त्या हसल्या. अर्ध्याच.
डावीकडची भूल उतरायची होती.

रात्री एक्सेलमध्ये एक ओळ वाढवली.
देश. चलन. लूटनहून विमान, पहाटेचं, स्वस्त.
'काय बघायचं' या रकान्यात करकोचे लिहिलं,
खोडलं, पुन्हा लिहिलं.
हेरंब खांद्यावरून डोकावला:
तिथे खायचं काय?

बिटाची कोशिंबीर, मी म्हटलं. पातळ असते.

शेपूचं विमानात सांगेन.