इसम

मिरकाबला तिसऱ्या मजल्यावर, वकिलाच्या कचेरीत
एसीखाली बादली ठेवलेली आहे, तिच्यात टपटप चालू.
मी मसुदा टंकतोय. सातवी प्रत.
विषय: दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्यास आळा.

ही उलटी चालणारी लिपी हर्णैच्या मदरशात शिकलो,
अर्थ इथं आल्यावर लागले.
तरी कागद परका वाटत नाही.
दापोलीच्या कचेरीत अब्बांचं बोट धरून उभा असताना
हेच शब्द कानावर पडायचे, कारकुनाच्या पानासकट:
हुकूम, जबाब, तारीख, इसम.
काही वाटेत बदलले.
इथलं कलम म्हणजे नुसता बोरू,
आमचं कायद्यातही असतं आणि आंब्याचंही.
इथं इसम म्हणजे नाव.
आमच्याकडे ज्याचं नाव माहीत नाही, तो.

पहिल्या प्रतीत होतं:
न्यायाधीशाच्या लेखी हुकुमाशिवाय
कोणाही इसमाचं बोलणं ऐकू नये, साठवू नये.
तिसरीत ‘लेखी’ गेला.
चौथीत परत आला, रुसलेल्या जावयासारखा,
‘तातडीचा प्रसंग वगळता’ ही मागणी घेऊन.
पाचवीचं आठवत नाही, तेव्हा मला ताप होता.
सहावीत हिरव्या शाईनं कुणीतरी
इसम खोडला आणि वर लिहिलं: नागरिक.

बावीस वर्षं झाली.
इकाम्यावर माझा फोटो आहे, त्यात केस काळे आहेत.
नागरिक मी तिकडचा,
जिथं दोन वर्षांतून चाळीस दिवस राहतो
आणि लोक विचारतात, परत कधी?

सातव्या प्रतीत मी जुना शब्द टंकला.
मुद्दाम की सवयीनं, शपथेवर सांगता येणार नाही.

उस्ताद मिशारी पट्टी लावून ओळन् ओळ वाचतात.
बोलायच्या आधी फोनची बॅटरी काढून
खणात ठेवतात, साखरेच्या डब्याशेजारी;
त्यांच्या भावाचं काय झालं ते मी विचारत नाही.
पट्टी थांबली.
“याकूब, हे चुकलंय.”
“हो, चुकलं.”
पेन्सिल त्या शब्दावर बराच वेळ तरंगत राहिली.
मग म्हणाले, “हा ठेवला तर अकरा मतं जातात.
अकरा गेली तर कलम जातं.
मग माझंही ऐकतील, तुझंही.”
हिशेब बरोबर होता.
मी चहा ओतला. शब्द बदलला.
समुद्राकाठच्या त्या तंबूसारख्या छपराखाली
कागद दुपारी पोहोचवून आलो,
पोच घेतली, वाऱ्यानं उडू नये म्हणून खिशात कोंबली.

शुक्रवारी घरी फोन.
कार्ड खरवडायचं, चौदा आकडे,
मग ती घों करणारी पोकळी, आणि जुबेदा:
“जेवलाव?”
धाकटीची सोनोग्राफी झाली, सगळं ठीक.
कौलं शाकारणारा पैसे जास्त मागतो.
सुरमई आठशेला, मग बांगडेच आणले.
बोलता बोलता ती थांबते
आणि त्या थांबण्यात मला
तिसऱ्या कुणाचा श्वास असल्यासारखं वाटतं.

असेलच, तर आमच्याकडचाच असणार.
‘शाकारणं’ दुसऱ्या कुणाला कळेल?
खेडचा असेल, बाणकोटचा असेल,
रात्रपाळीला बसवलेला, कानांवर गरम फोम,
पुढं वही,
पलीकडं त्याचीही कुणी बांगडे आणणारी.
त्याचं बोलणं कोण ऐकतं?
त्याच्यासाठीही कुठल्याच प्रतीत शब्द नाही.

लहानपणी आई रात्री उठून
आमच्या श्वासांचा कानोसा घ्यायची,
चार जणांचा, एकेक करून, मग झोपायची.
तेही ऐकणंच होतं.

“गप का झालाव?” जुबेदा विचारते.
“काही नाही गो. सुरमई कितीला म्हणालीस?”
“आठशे.”
“आठशे,” मी सावकाश म्हणतो,
पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं,
त्याचं लिहून होईपर्यंत.